तिसरी तार

सरकारी नोकरीत बदलीच्या गावी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी करावयाची कामे ठरलेली असतात. किल्ली ताब्यात घ्यावयाची, नळ सोडून पाहावयाचा आणि प्रत्येक खोलीतील खटका दाबून दिवा लागतो की नाही याची खात्री करून घ्यावयाची. दिवे लागले, पंखे फिरले, की घर राहण्यायोग्य आहे असे समजून आपण सामानाच्या पेट्या उघडू लागतो. आम्हीही आमच्या नोकरीची बहुतेक वर्षे असेच करीत आलो. भिंतीवरील तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये वरच्या बाजूस जे मोठे छिद्र असते, त्याच्या मागे काय आहे हे पाहावे असे मात्र आमच्या कधी मनात आले नाही.

ते मनात येण्यास एक निमित्त घडले. उत्तरेकडील एका शहरात, ऐन पावसाळ्यात, घरच्या मंडळींनी इस्त्रीला हात लावला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या येऊन त्यांनी ती टाकून दिली. पायांत चपला होत्या आणि इस्त्री हातातून सुटली, म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले. वायरमनला बोलावून सॉकेट उघडविले. आत दोनच तारा आल्या होत्या. तिसऱ्या छिद्रामागील पितळी स्क्रू बसविल्या दिवसापासून कोणी फिरविला नसावा, इतका कोरा होता. त्या घरात आमच्यापूर्वी कितीतरी अधिकारी राहून गेले होते, आणि त्यांतील प्रत्येकाने घर सुस्थितीत मिळाल्याबद्दल सही केली होती. आम्हीही केली होती. आम्ही रागावलो तेव्हा वायरमन शांतपणे म्हणाला, ‘बत्ती तो जलती है न, साहब?’

त्या एका वाक्यात विजेचा आपल्या देशातील घरगुती इतिहास सामावलेला आहे, असे पुढे थोडे वाचन केल्यावर आमच्या ध्यानात आले. वीज आपल्या घरात शिरली ती दिवा होऊन. मराठी माणूस आजही ‘लाईट गेली’ म्हणतो, ‘लाईटचे बिल भरले का’ असे विचारतो. पंखा, इस्त्री, पाण्याचा पंप, शीतकपाट या सगळ्यांना चालविणाऱ्या शक्तीला त्याने दिव्याचेच नाव दिले आहे. जे दिवा म्हणून आले त्याची भीती ती काय वाटावयाची? समई, कंदील आणि रॉकेलची चिमणी यांच्यापेक्षा तो निरुपद्रवी, असाच समज होणे स्वाभाविक होते.

प्रारंभीच्या तज्ज्ञांचाही समज फारसा निराळा नव्हता. इंग्लंडमध्ये घरगुती वायरिंगचे पहिले नियम तार-अभियंत्यांच्या संस्थेने १८८२ साली तयार केले. त्यांच्या नावातच त्यांचा हेतू स्पष्ट होता: विजेच्या दिव्यांपासून उद्भवणाऱ्या आगीच्या धोक्याचे निवारण. त्याच वर्षी तेथील एका विमा कंपनीनेही असेच नियम काढले होते. विमा उतरविलेला असे तो इमारतीचा, आणि इमारतीला भय असे ते आगीचे. माणसाला बसणारा धक्का हा या विचारात दुय्यम होता. दिव्यांना पुरविला जाणारा दाब तेव्हा शंभर-एकशेदहा व्होल्टच्या आसपास असे, आणि दिवे छताला टांगलेले, हाताच्या टप्प्याबाहेर असत, हेही त्याचे एक कारण असावे.

आपल्या देशात २४ जुलै १८७९ रोजी कलकत्त्यात फ्ल्यूरी आणि कंपनीने विजेच्या दिव्याचे प्रात्यक्षिक करून दाखविले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले. १८९५ साली बंगालमध्ये या विषयावरील कायदा झाला तो ‘कलकत्ता इलेक्ट्रिक लायटिंग ॲक्ट’ या नावाने, म्हणजे कायद्यालाही दिसला तो दिवाच. १० नोव्हेंबर १८९७ रोजी दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे पाण्यावर चालणारे १३० किलोवॅटचे वीजघर सुरू झाले. १७ एप्रिल १८९९ रोजी कलकत्त्याच्या इमामबाग लेनमधील वाफेच्या वीजघरातून शहराला पुरवठा होऊ लागला. शिवसमुद्रमची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी तिच्यावर बंगळूरचे रस्ते उजळले. मुंबईची वीज व ट्राम कंपनी १९०५ सालची. दिल्लीत लाहोरी गेटजवळचे डिझेलवरील लहानसे वीजघरही त्याच सुमाराचे. ज्या ज्या शहरांत आपण मराठी माणसे नोकरीनिमित्त विखुरलो, त्यांतील बहुतेकांची विजेची जन्मपत्रिका या आठ-दहा वर्षांतच मांडली गेली.

दिव्यापाठोपाठ पंखा आला, आणि त्याने कचेरीचे रूप पालटले. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी बाहेर ओसरीवर बसून ओढणारा माणूस हे साहेबाच्या कचेरीचे अविभाज्य अंग होते. मोठ्या शहरांतून तो हळूहळू दिसेनासा झाला, जिल्ह्याच्या ठिकाणी तो पुढे पुष्कळ वर्षे टिकला. त्याच्या जागी जो पंखा आला तोही छतालाच टांगलेला, म्हणजे दिव्याप्रमाणेच हाताबाहेरचा. घरात वीज होती, पण तिच्याशी माणसाचा प्रत्यक्ष संबंध भिंतीवरील लाकडी फळीवर बसविलेल्या पितळी वा चिनी मातीच्या खटक्यापुरताच होता.

त्या काळी बदली होणाऱ्याला विजेचा त्रास होई तो निराळाच. प्रत्येक शहराची वीज वेगळी असे. कलकत्त्याचा पुरवठा एकदिश प्रवाहाचा, २२५ व्होल्टचा. दार्जिलिंगचा उलटसुलट वाहणारा, म्हणजे प्रत्यावर्ती, आणि त्याची आवर्तनेही सेकंदाला ८३ च्या वर. कोठे ५० आवर्तनांचा प्रवाह. एका गावचा पंखा दुसऱ्या गावी निरुपयोगी ठरे. ट्रान्सफॉर्मर असलेला रेडिओ एकदिश प्रवाहावर लावला तर धूर निघे. दोन्ही प्रवाहांवर चालणारा रेडिओ मुद्दाम मिळे, आणि बदलीच्या माणसाने तो घेण्यातच शहाणपण असे. पुढे ५० आवर्तनांचा व २३० व्होल्टचा पुरवठा सर्वत्र रुजला. कलकत्त्यातील एकदिश प्रवाहाचे अवशेष मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होते.

या एकरूपतेने सोय फार झाली, आणि त्याबरोबर घरातील धोक्याचे स्वरूपही बदलले. शंभर व्होल्टच्या दिव्याच्या जागी २३० व्होल्टची इस्त्री आली, शेगडी आली, पाणी तापविण्याचा दांडा आला. ही उपकरणे धातूची, हातात धरावयाची, आणि कित्येकदा ओल्या जागी वापरावयाची. छताची वीज हातात आली. तारा मात्र छतापुरत्याच राहिल्या.

जुन्या घरांतील वायरिंग ज्यांनी पाहिले असेल त्यांना ते आठवेल. सागवानी पट्टीवर पितळी क्लिपांनी बसविलेली किंवा खोबण पाडलेल्या लाकडी पट्टीत घालून वरून झाकणपट्टी मारलेली, रबराचे आवरण असलेल्या तारांची जोडी. काम सुबक असे. सुतारालाही हेवा वाटावा असे कोपरे त्यात जुळविलेले असत. पण ती जोडीच होती. एक तार प्रवाह आणणारी, दुसरी तो परत नेणारी. दिव्याला याहून अधिक काही लागत नाही.

त्यातच वीज कंपन्यांच्या दरांनी भर घातली. अनेक शहरांतून दिवे-पंख्यांचा एक मीटर आणि ‘पॉवर’चा दुसरा, अशी पद्धत दीर्घकाळ होती. पॉवरच्या जोडणीसाठी वेगळ्या जाड तारा, वेगळी अनामत रक्कम, तीन खिळ्यांचे मोठे सॉकेट आणि जमिनीत जाणारी तिसरी तार, असा सगळा खर्च होता. तो टाळण्याचा उपाय बाजारात सहज मिळे. दिव्याच्या होल्डरमध्ये बल्बऐवजी बसविण्याचा एक लहानसा जोड घ्यावयाचा आणि त्यातून सुती विणीची वायर खाली सोडून इस्त्री चालवावयाची. छतापासून मेजापर्यंत लोंबणारी ती वायर पुष्कळांच्या बालपणीच्या आठवणीत असेल. तिच्यात दोनच तारा होत्या, आणि दिव्याच्या जागेवरून चालणारी इस्त्री ही घरातील काटकसरीची खूण मानली जाई.

तिसरी तार काय करते हे येथे सांगितले पाहिजे. इस्त्रीच्या आतील प्रवाहाच्या तारेचे आवरण झिजून ती धातूच्या अंगाला टेकली, तर बाहेरून काहीच दिसत नाही. इस्त्री पूर्वीसारखीच तापत राहते. मात्र तिचे सारे अंग २३० व्होल्टच्या दाबाखाली येते आणि जमिनीपर्यंत पोहोचण्यासाठी वाट शोधीत राहते. तिसरी तार ही ती वाट अगोदरच करून ठेवते. धातूच्या अंगापासून निघून ती भिंतीतून थेट जमिनीत पुरलेल्या नळीपर्यंत जाते. दोष उद्भवताच प्रवाह तिच्यातून जोराने वाहतो, फ्यूज वितळतो आणि उपकरण बंद पडते. ती तार नसेल तर वाट करून देण्याचे काम इस्त्री धरणाऱ्या माणसाकडे येते. आजही आपण वापरतो त्या गोल खिळ्यांच्या प्लगचा नमुना ब्रिटिशांच्या १९३४ सालच्या मानकातला. त्याचा वरचा खिळा जाड आणि लांब असतो, तो शोभेसाठी नव्हे. प्लग घालताना जमिनीशी संबंध सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा, यासाठी ती योजना आहे. इंग्लंडने १९४७ नंतर आपला प्लग बदलून चौकोनी खिळ्यांचा केला. तो जुना नमुना आपण मात्र जतन केला. नमुना जतन केला, पण त्याच्या मागची तार ओढण्याची आठवण सर्वत्र राहिली नाही.

यावर पुष्कळ जण म्हणतात, फ्यूज आहे ना! हा गैरसमज इतका दृढ आहे की सुशिक्षितांच्या घरांतूनही तो आढळतो. फ्यूज हा आगीच्या भयाचा वारस आहे. तारेतून तिच्या शक्तीबाहेर प्रवाह गेला तर तार तापून घर पेटू नये, यासाठी तो असतो. दिव्यांच्या जोडणीवरील फ्यूज साधारणपणे ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. माणसाच्या छातीतून ५० मिलिअँपिअरचा प्रवाह सेकंदभर गेला तरी हृदयाचा ठेका बिघडून प्राण जाऊ शकतो. या दोन आकड्यांत शंभरपटींचे अंतर आहे. माणूस मरेल, फ्यूजला त्याची खबरही लागणार नाही. त्यातही चिनी मातीच्या फ्यूजमध्ये योग्य तारेऐवजी वायरचे दोन-चार तांब्याचे धागे पिळून घालण्याचा प्रघात ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या संरक्षणाची किंमत निराळी सांगावयास नको.

हे अंतर भरून काढणारे साधन फार उशिरा आले. १९६१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डाल्झील यांनी, माणूस किती प्रवाह सोसू शकतो याचा अनेक वर्षे अभ्यास केल्यानंतर, घरगुती वापरास योग्य असा एक खटका सिद्ध केला. जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. काही मिलिअँपिअरची तूट दिसताच, तेवढा प्रवाह कोणाच्या तरी देहातून जात असेल असे समजून, सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडतो. आपल्याकडे घरांत बसविला जाणारा असा खटका सामान्यतः ३० मिलिअँपिअरचा असतो. १८८२ साली जो विचार इमारतीपासून सुरू झाला, तो माणसापर्यंत पोहोचण्यास अशी जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. पुढे भारतीय नियमांतही अशा साधनाची सक्ती आली, पण ती मोठ्या भाराच्या जोडण्यांसाठी. लहान घरांना तिच्यातून वगळण्यात आले.

नियमांचा विषय निघाला आहे, तर आपल्या वाचकांना त्यात विशेष रस असावयास हरकत नाही. देशभरासाठी विजेचा कायदा प्रथम १९०३ साली आणि सुधारून १९१० साली झाला. त्याखालील १९५६ चे नियम अर्धशतकाहून अधिक काळ चालू होते. २००३ च्या कायद्यानंतर २०१० साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. १९५६ चे नियम आजही वाचण्यासारखे आहेत, कारण त्यांत जबाबदारीची वाटणी स्वच्छ केलेली आहे. पुरवठा करणाऱ्याने आपल्या तारा व साधने सुस्थितीत ठेवावीत. ग्राहकाने आपल्या ताब्यातील जोडणी सुस्थितीत ठेवावी. पुरवठा जेथे सुरू होतो तेथे, ग्राहकाच्या उपयोगासाठी, जमिनीशी जोडलेले टोक पुरवठादाराने द्यावे. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावे. धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे याच्या सूचना वीजघरांतून व कारखान्यांतून इंग्रजी किंवा हिंदीत, आणि जिल्ह्याच्या भाषेत लावाव्यात. तो तक्ता आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. पालथ्या निजविलेल्या माणसाच्या पाठीवर दुसरा माणूस दोन्ही हातांनी दाब देत आहे, आणि खाली बंगालीत, तमिळमध्ये किंवा कानडीत, ज्या प्रांती आपण असू त्या प्रांताच्या लिपीत, आपल्याला न वाचता येणारा मजकूर आहे.

कायद्याने रेघ ओढली ती मीटरपाशी. मीटरच्या अलीकडे पुरवठादाराचे राज्य, पलीकडे ग्राहकाचे. स्वतःच्या घरात राहणाऱ्यास हे ठीक आहे. पण बदलीच्या घरात मीटरच्या पलीकडे राज्य कोणाचे? वीज कंपनी म्हणणार, टोक दिले, आमचे काम झाले. बांधकाम खाते म्हणणार, इमारत त्या वेळच्या मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे बांधली. राहणारा म्हणणार, आपण दोन-तीन वर्षांचे पाहुणे. भिंती कशाला फोडा? भाड्याच्या घरात खात्याच्या जागी घरमालक घाला, उत्तरे तीच राहतात. ज्या वस्तूला तीन धनी असतात ती बेवारस होते, हे आम्ही फायलींच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले आहे. तिसऱ्या तारेचे तेच झाले.

ती तार जेथे जमिनीत उतरते त्या जागेची कथाही अशीच आहे. घराच्या मागे खड्डा खणून त्यात अडीच मीटर लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी उभी पुरावयाची, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावयाचे, आणि वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे ठेवावयाचे, ही आपल्याकडील रूढ रीत. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, आणि ओली जमीनच प्रवाहाला सहज सामावून घेते. म्हणून उन्हाळ्यात त्या नरसाळ्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. जुन्या बंगल्यांतून माळ्याला हे काम सांगितलेले असे. पुढे माळी गेले, अंगणात फरशी आली, नरसाळे तिच्याखाली गाडले गेले. खड्डा कोरडा पडला की तार असूनही प्रवाहाला जोर येत नाही आणि फ्यूज वितळत नाही. काही ठिकाणी खड्ड्याऐवजी तार पाण्याच्या नळाला बांधीत. तेव्हा एका खोलीतील दोषाने न्हाणीघरातील तोटीला धक्का बसे. आणि आता नळ प्लॅस्टिकचे झाल्यावर ती तार कोठेच जात नाही. याहूनही घातक युक्ती म्हणजे सॉकेटमध्येच तिसरे टोक परतीच्या तारेला जोडून देणे. वरवर तपासणाऱ्यास तीनही टोके जोडलेली दिसतात. पण परतीची तार वाटेत कोठे तुटली, की घरातील शीतकपाटापासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक धातूची वस्तू जिवंत होते.

स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता सुमारे १३६२ मेगावॅट होती आणि वीज पोहोचलेली खेडी सुमारे १५००. तेथून २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लैसांग या खेड्याला वीज मिळेपर्यंतचा प्रवास हा कोणत्याही राष्ट्राला अभिमान वाटावा असाच आहे. १९८८-८९ सालच्या कुटीर ज्योती योजनेने गरिबाच्या घरी एक दिवा दिला. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने सुमारे २ कोटी ८० लाख घरांना जोडणी दिली. या कार्यात आपल्यापैकी अनेकांनी उन्हातान्हात हिंडून भाग घेतला असेल. त्याचे मोल कमी करण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. तथापि योजनेचे माप पुन्हा दिव्याचेच होते, हे नमूद करावयास हवे. एका दिव्याच्या घरात चार वर्षांनी टेबलपंखा येतो, मग दूरदर्शन संच, मग पाण्याचा पंप. आणि कलकत्ता-मुंबईच्या घरांतून शंभर वर्षांपूर्वी जे घडले ते त्या झोपडीत पुन्हा घडते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरण पावली आहेत. त्यांत शेतातील तुटलेल्या तारा आहेत, रस्त्यावरचे खांब आहेत, तशीच ओल्या हाताने लावलेली घरातील बटणेही आहेत. तिसरी तार असती तर यांतील किती वाचले असते याचा हिशेब आम्ही करू धजत नाही. काही निश्चित वाचले असते.

आपण अधिकारी मंडळी घराचा ताबा घेतो तेव्हा एक यादी आपल्यापुढे येते. पंखे अमुक, दिवे अमुक, खुर्च्या अमुक, खिडक्यांच्या फुटलेल्या काचा अमुक. अशा कितीतरी याद्यांवर आम्ही सह्या केल्या. त्यांत ‘अर्थिंग’ हा शब्द आम्हांला एकदाही आढळला नाही. ज्या वस्तू दिसतात, मोजता येतात आणि हरवल्यास वसूल करता येतात, त्यांचीच यादी होते. जी तार काही उजळत नाही, काही फिरवीत नाही, आणि आयुष्यात एखाद्या क्षणीच कामास येते, तिला रकाना मिळाला नाही.

त्या इस्त्रीच्या प्रकारानंतर आम्ही खात्याकडे लेखी मागणी केली. उत्तर येण्यास सात महिने लागले, तोवर स्वखर्चाने खड्डा खणून आम्ही तार ओढून घेतली होती. पुढल्या वर्षी आमची बदली झाली. निघताना यादीच्या शेवटी, ‘मागील अंगणात अर्थिंगचा खड्डा एक, उन्हाळ्यात पाणी घालणे’ अशी ओळ आम्ही आपल्या हाताने लिहून दिली. नव्याने ताबा घेणाऱ्या सद्गृहस्थांनी ती वाचली, किंचित हसले आणि सही केली. ते कोणत्या प्रांतीचे होते हे येथे महत्त्वाचे नाही. पण त्यांच्या दोन मुली त्या वेळी शेजारच्या खोलीतील खटके दाबून दिवे लागतात की नाही ते पाहत होत्या, एवढे आमच्या लक्षात राहिले आहे.